बाबांचे ओटीपी कोणाच्या फोनवर?

मीनल_ठाणे:
मंडळी, घरात दोन आठवडे धुसफूस चालू आहे. तुमची मतं हवीत.

बाबा ७४, आई ७०. दोघंच डोंबिवलीला राहतात. बाबा सगळं फोनवर करतात: वीजबिल, गॅस नोंदणी, भाजीवाल्याचे चाळीस रुपयेसुद्धा. मध्यंतरी त्यांच्याच इमारतीतल्या एका काकांना "बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल" असा मेसेज आला, खाली नंबर. काकांनी फोन केला आणि बऱ्यापैकी रक्कम गेली. तेव्हापासून ताईचं म्हणणं असं, की बाबांचे सगळे एसएमएस आपोआप तिच्या फोनवर जातील असं अ‍ॅप टाकायचं, पासवर्ड तिच्याकडे ठेवायचे आणि यूपीआय बंद करायचं. यावर बाबा म्हणाले, "मग रोज सकाळी मला हातखर्चाला पैसे देत जा." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं फक्त आईमार्फत.

ताईची भीती खोटी नाही, पेन्शन आणि सगळ्या ठेवी त्या एका फोनवरून दिसतात. पण बाबांचंही पटतं. तुमच्या घरी काय केलंत? "फोनच काढून घ्या" छाप सल्ले नकोत प्लीज.

कापूसकोंड्या:
रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळपर्यंत धागा शंभरी गाठणार.

शून्य_एक:
ताईंना एवढंच सांगा की एसएमएस फॉरवर्ड करणारं अ‍ॅप टाकणं म्हणजे चोराचं काम आपणच करून ठेवणं. हल्लीची बरीचशी घातक अ‍ॅप्स नेमकं हेच करतात: एसएमएस वाचायची परवानगी मागतात आणि आलेला ओटीपी भलत्याच नंबरवर पाठवतात. अशा अ‍ॅपला आपल्या हाताने परवानगी द्यायची, वर ते कोणी बनवलंय, मेसेज कुठल्या सर्व्हरवरून जातात याचा पत्ता नाही.

दुसरं म्हणजे त्या काकांचा ओटीपी कोणी चोरला नव्हता. अशा फोनमध्ये माणसाकडूनच सगळं करवून घेतात. "दहा रुपये भरून पाहा" म्हणतात, स्क्रीन दिसणारं अ‍ॅप टाकायला लावतात. ताईंच्या फोनवर मेसेज वाजेल तोवर पैसे तिसऱ्या खात्यात गेलेले असतील. एवढं करून त्यांना कळणार काय, तर बाबांनी भाजी कितीची घेतली.

वऱ्हाडी_ठेचा:
शून्य_एक यायले अनुमोदन. आमच्या गावच्या ग्रुपवर मांगच्या उन्हाळ्यात पत्रिका आली, 'लग्नपत्रिका डॉट एपीके'. कोनाचं लगन, कवाचं लगन, कोनी इचारलं नाही. साऱ्यायनं दाबलं. अर्ध्या घंट्यात तीच पत्रिका सरपंचाच्या नंबरवरून, मास्तरच्या नंबरवरून, डॉक्टरच्या नंबरवरून फिरून फिरून येऊ लागली. एकाचे पैसे गेले, बाकीच्यायचे वाचले, कारन खात्यात होतेच किती!

पत्रिका फोटो नाही तं पीडीएफ असते बाप्पा. एपीके म्हंजे अ‍ॅप. आता आरटीओच्या चालानच्या नावानं बी तेच येते.

कापूसकोंड्या:
म्हणजे आमंत्रण नसताना लग्नाला जायची सवय नडली.

अण्णा_कोथरूड:
मीनलताई, मी तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे. बँकेत ३४ वर्षं काढली. पासबुकात हाताने नोंदी करण्यापासून कोअर बँकिंगपर्यंत सगळं पाहिलं. तेव्हा या बाजूनेही थोडं ऐकून घ्या.

माझे एसएमएस माझ्या मुलाने वाचावेत असं मला वाटत नाही. लपवण्यासारखं काही नाही असं म्हणायची पद्धत आहे, मी म्हणतो आहे! लॅबचा मेसेज येतो की तुमचा रिपोर्ट तयार आहे. तो मी आधी वाचणार, मग कोणाला सांगायचं ते ठरवणार. गावाकडच्या धाकट्या भावाला मी अधूनमधून काही रक्कम पाठवतो. ती किती आणि का, हे माझ्या सुनेच्या फोनवर वाजायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पंचाहत्तरीनंतर तो संपतो असं त्यात कुठे लिहिल्याचं मला आठवत नाही.

फसवणूक म्हाताऱ्यांचीच होते हाही गोड गैरसमज. आमच्या सोसायटीत ज्याचे सर्वांत जास्त पैसे गेले तो आयटीतला, शेअर टिप्सच्या टेलिग्राम ग्रुपमध्ये.

रेवा:
अण्णा, प्रतिसाद प्रचंड आवडला. 'लपवण्यासारखं काही नाही ना, मग दाखव फोन' हे वाक्य बऱ्याच घरांत सुनांनाही ऐकावं लागतं, तो वेगळ्या धाग्याचा विषय.

सव्वानऊची_लोकल:
तत्त्वं ठीक आहेत, पण अण्णा, पैसे गेल्यावर धावपळ मुलांनाच करावी लागते. माझ्या सहकाऱ्याच्या आईला 'डिजिटल अरेस्ट'मध्ये दिवसभर व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं होतं. तिच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले म्हणे, समोर खाकी कपड्यातला माणूस, मागे भिंतीवर बोधचिन्ह, सगळं साग्रसंगीत. कामवाल्या मावशींना दार उघडलं नाही म्हणून मावशींनी मुलाला फोन केला, तेव्हा सुटका झाली. बँकेत जाऊन ठेव मोडायचं ठरलं होतं, दुसऱ्याच दिवशी! अशा वेळी कुठे ठेवायचा खासगीपणा?

अण्णा_कोथरूड:
तुम्हीच उत्तर दिलंत की. मावशींनी वाचवलं, एसएमएसने नाही. दिवसभर एकही ओटीपी आला नव्हता, मुलाच्या फोनवर काय वाजणार होतं?

आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही, व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक होत नसते. हे फ्रिजवर चिकटवून ठेवा.

सव्वानऊची_लोकल:
बरोबर आहे, हा मुद्दा मान्य.

पुणेरी_पाटी:
आमच्याकडे तीर्थरूप सगळे पासवर्ड एलआयसीच्या डायरीत मागच्या पानावर लिहितात. चढत्या क्रमाने. वर शीर्षक: 'गुप्त'.

शून्य_एक:
हसू नका, डायरी तितकीशी वाईट नाही. तुमच्या घरात घुसणारा चोर दागिने शोधतो, मेलचा पासवर्ड नाही. आणि परदेशात बसलेल्या चोराला डायरी दिसत नाही. एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरण्यापेक्षा दहा वेगवेगळे डायरीत लिहिलेले कधीही बरे. कुठल्या तरी शॉपिंग साइटची यादी फुटते आणि तोच मेल, तोच पासवर्ड सगळीकडे लावून पाहिला जातो, खरा धोका तो. फक्त बँकेचा पिन आणि फोनचा पिन डायरीत नको.

आणि दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावणं हा छळ आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेसुद्धा २०१७ मध्ये ती सक्ती नको म्हणून सांगितलं. लोक शेवटचा १ काढून २ करतात, बाकी काही होत नाही.

पुणेरी_पाटी:
तीर्थरूप ७ वर आहेत.

गंधाली:
खरा घोटाळा झेरॉक्सच्या दुकानात. आधारची पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची, तो कॉम्प्युटरवर उघडून प्रिंट काढतो, आणि फाइल तिथेच राहते. परवा दुकानात उभी होते तर स्क्रीनवर डाउनलोड्सचा फोल्डर सताड उघडा: कोणाचं पॅन, कोणाचा भाडेकरार, कोणाच्या लेकीची गुणपत्रिका. पुन्हा आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. फाइलचं नावच जर 'बाबांचं आधार' असेल, तर राहिलं काय?

शून्य_एक:
यावर उपाय आहे: आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून 'मास्क्ड' आधार उतरवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. हॉटेलात, भाडेकराराला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याच्या ठशाचं वगैरे, लॉकही करून ठेवा. तेलंगणात २०१८ मध्ये एकाने जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे ऑनलाइन मिळवून त्यांचे ठसे बनवले होते आणि त्यावर सिमकार्डं सुरू केली होती. पासवर्ड बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार? लॉक केलं की आधारवर अंगठा लावून पैसे काढता येत नाहीत. रेशनला किंवा हयातीच्या दाखल्याला अंगठा द्यायचा असेल तेव्हा तात्पुरतं उघडायचं.

न्यूजर्सीचा_नाना:
इकडे आमची निराळीच कथा. भारतातली बँक ओटीपी पाठवते भारतातल्या नंबरवर. तो नंबर जिवंत ठेवायला वर्षभर रिचार्ज मारायचा आणि रोमिंगवर एसएमएस कधी येतो, कधी येत नाही. रात्री अडीचला बँकेशी बोलायचं तर ते म्हणणार "सर, रजिस्टर्ड मोबाइलवर ओटीपी पाठवलाय." अहो, तोच येत नाही म्हणून तर फोन केला! मित्राने रिचार्ज केलं नाही, नंबर गेला आणि काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळाला. आता त्याच्या बँकेचे मेसेज नांदेडच्या कोण्या गृहस्थाला जातात. भला माणूस आहे, फोन केला की वाचून दाखवतो.

कापूसकोंड्या:
नाना, मीनलताईंच्या ताईंना हवी असलेली योजना हीच की! नांदेडच्या गृहस्थांचा नंबर द्या त्यांना.

न्यूजर्सीचा_नाना:
😂😂

शून्य_एक:
बंद पडलेला नंबर ९० दिवसांनी दुसऱ्या कोणालाही देता येतो, त्यामुळे नंबर सोडण्याआधी बँका, आधार, मेल सगळीकडे बदलून घ्यायला हवा. अनिवासी खात्याला यूपीआय हवं असेल तर अमेरिकेचा नंबरही चालतो. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांच्या नंबरांना मान्यता दिली. फक्त आपली बँक ती सोय देते का, ते विचारा.

पणजीकार:
आमच्याकडे पावसात पहिली वीज जाते, मग टॉवर, मग यूपीआय. मासळी बाजारात 'सर्व्हर डाऊन' म्हटलं तर बांगडा टोपलीत परत. सुरक्षित असो नसो, खिशात पाचशेची नोट असू द्या. १९ जुलै २०२४ आठवते? एका सुरक्षा कंपनीच्या अपडेटने जगभरचे विंडोज कॉम्प्युटर झोपवले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. राखणदारच दारात आडवा!

पुणेरी_पाटी:
आणि आमची पुण्याची कॉसमॉस बँक विसरलात? ऑगस्ट २०१८, दोन दिवसांत ९४ कोटी, त्यातले बहुतेक बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून. तिथे कुठल्याही आजोबांनी कोणालाही ओटीपी सांगितला नव्हता. पण ग्राहकाला मात्र रोज उठून 'सावध राहा'.

अण्णा_कोथरूड:
पाटीसाहेब, तो दरोडा बँकेच्या यंत्रणेवर होता, ठेवीदारांच्या खात्यांवर नव्हे. पण तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून नियम सांगून ठेवतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही असा अनधिकृत व्यवहार झाला, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर काहीही पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवलंत तर ठरावीक मर्यादेपर्यंतच. मात्र ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः दिलात तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं! म्हणून रडत बसायच्या आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि बँकेला लेखी. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवर आहे, हे काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. आम्हीही सांगत नव्हतो.

सव्वानऊची_लोकल:
बँक चोरीची चर्चा चाललीये, पण आमच्या लाइनला मुख्य धोका फटका गँगचा. दारात उभं राहून फोन बघत असाल तर रुळालगत उभा असलेला पोरगा हातावर काठी मारतो, फोन खाली, गाडी पुढे. फोन लॉक असला तरी सिम काढून दुसऱ्या फोनात घातलं की ओटीपी यायला सुरुवात.

शून्य_एक:
त्यासाठी सिम पिन लावा! फोनच्या लॉकचा आणि याचा संबंध नाही. सेटिंग्जमध्ये सिम लॉक सुरू केलं की फोन बंद करून चालू केल्यावर किंवा सिम दुसरीकडे घातल्यावर आधी चार आकडी पिन मागतो, तोवर ना फोन येत, ना एसएमएस. फुकट आहे, वीस वर्षांपूर्वीच्या फोनातही होतं, आणि शंभरातल्या दोघांनीही लावलेलं नसेल असा माझा अंदाज.

स्नेहल_नाशिक:
सहसा वाचनमात्र असते, पण यावर लिहावंसं वाटलं.

माझे मिस्टर अचानक गेले. सगळे व्यवहार त्यांच्याकडे, संयुक्त खात्यांवरसुद्धा नंबर त्यांचाच. तेराव्यानंतर दिराने 'कशाला बिल भरायचं' म्हणून त्यांचा पोस्टपेड नंबर बंद केला. नंतर लक्षात आलं की विम्याची साइट, डीमॅट, मुलीच्या शाळेची फी, मेल, काहीही उघडायचं तर ओटीपी त्याच नंबरवर. खातं माझ्याही नावाचं, पण नेटबँकिंगला मी कोणीच नव्हते. प्रत्येक ठिकाणी मृत्यूचा दाखला घेऊन रांगेत उभी राहिले. एका ठिकाणी खिडकीतल्या मुलीने दाखला वाचून विचारलं, "सर स्वतः येऊ शकतील का?"

मीनल, तुम्ही सगळे बाबांच्या फोनचं बोलताय. त्या खात्यांवर आईंचा नंबर आहे का?

रेवा:
स्नेहल, काय बोलावं कळत नाही. लिहिलंत ते फार बरं केलंत.

गंधाली:
खरंच की. इतके प्रतिसाद झाले, काकूंना कोणी विचारलंच नाही.

वऱ्हाडी_ठेचा:
स्नेहलताई, लय महत्त्वाचं बोल्ल्या. आजच घरी पायतो. आमच्या मायच्या खात्याले माह्या मोठ्या भावाचा नंबर हाये, अन् तो सुरतले.

शून्य_एक:
स्नेहल यांनी मुळावर बोट ठेवलं. आपण सगळं एका दहा आकडी नंबरला टांगून ठेवलंय. मीनल, मी तुमच्या जागी असतो तर फोन सोडून खात्यांची मांडणी बदलली असती. पेन्शन आणि ठेवी ज्या बँकेत आहेत तिथे यूपीआय नको, नेटबँकिंग 'फक्त पाहण्यापुरतं' मिळत असेल तर तेवढंच. दुसऱ्या बँकेत एक छोटं खातं, महिन्याच्या खर्चाचे पैसे पेन्शनमधून तिकडे आपोआप जातील अशी सूचना बँकेत देऊन ठेवायची, यूपीआय फक्त त्यावर. फसलेच तर त्या महिन्याची भाजी जाईल, ठेवी नाही. मग ताईंना बाबांचे मेसेज वाचायची गरज उरत नाही.

सव्वानऊची_लोकल:
यूपीआय सर्कल का नाही? २०२४ पासून आहे. ताई मुख्य, बाबा दुय्यम. बाबांनी स्कॅन केलं की ताईंनी मंजुरी द्यायची.

अण्णा_कोथरूड:
आणि पैसे मुख्य वापरकर्त्याच्या खात्यातून जातात, तेव्हा लेकीच्या पैशाने लेकीच्या परवानगीने कोथिंबीर. मीनलताई, हे वडिलांना सुचवायला जाऊ नका.

मीनल_ठाणे:
सगळ्यांचे आभार. रविवारी डोंबिवलीला जाऊन आले. स्नेहल, तुमचा प्रतिसाद मी बाबांना आणि ताईला मोठ्याने वाचून दाखवला. दोघंही गप्प. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी कधीची सांगतेय, माझा नंबर लावा म्हणून. बँकेत जाताना मला नेतात ते सही करायला."

तर सध्याची स्थिती अशी. आई-बाबा उद्या बँकेत जाणार आहेत, दोन्ही संयुक्त खात्यांवर आईचाही नंबर लावायला. छोट्या खात्याची कल्पना बाबांना आवडली, कारण ती 'कोणीतरी बँकवाल्याने' मान्य केली (अण्णा, तुम्ही विरोध केला नाहीत म्हणजे मान्यच, असं त्यांचं म्हणणं). एसएमएसचं अ‍ॅप रद्द. ताई अजून नाराज आहे. ठेवींच्या व्यवहारांचा ईमेल तरी तिला यावा असं तिला वाटतं, बाबा म्हणाले विचार करतो. म्हणजे नाही. सर्कलचं अण्णांनी बजावूनही ताईने काढलंच, त्यावर बाबा जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही, पण आईला बाबांच्या खात्यावर दुय्यम घ्यायचं ठरतंय. आई म्हणते आधी माझं स्वतःचं शिकवा.

सिम पिन लावायला बसलो तर तो आधी जुना पिन मागतोय. आम्ही कधी ठेवलाच नव्हता. काय टाकायचं?

कापूसकोंड्या:
जन्मसाल टाकून बघा 😛

शून्य_एक:
अजिबात अंदाजाने टाकू नका!! सिमसोबत कंपनीचा ठरलेला पिन येतो, बहुधा ०००० किंवा १२३४, पण तुमच्या कंपनीचा कुठला ते ग्राहक सेवेला विचारूनच टाका. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि पीयूके, म्हणजे सिम उघडायचा वेगळा कोड, मागतं. तो कंपनीकडून मिळतो, पण दहा वेळा चुकला तर सिम कायमचं बाद, नवीन घ्यावं लागतं. आणि नवीन सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे उद्या बँकेत ओटीपी येणार नाही. तेव्हा आधी बँकेचं काम उरका, पिन परवा लावा.

मीनल_ठाणे:
बाबांनी एकदा ०००० टाकून पाहिलाय, चुकला. आता फोन आईने घेऊन ठेवलाय.